रेफर केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं? न्यूरोसर्जरीच्या सामूहिक संशोधनात एमबीबीएसच्या पोरांनी उतरावं का?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी चाळीसगाव तालुक्यातला, आपल्याच भागातल्या एका मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न जरा लांब आहे, पण मन लावून लिहितोय.

सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये एका रात्री कॅज्युअल्टीत साठीच्या पुढचे एक आजोबा आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) घरच्यांचं म्हणणं, आठ दिवसांपासून बोलणं अडखळतंय, उजवा पाय ओढत चालतात, मधेच नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारतात. सगळे धरून चालले होते की लकवा. सीटी केला तर डाव्या बाजूला क्रॉनिक सबड्युरल, म्हणजे मेंदू आणि त्यावरचं आवरण यांच्यामध्ये हळूहळू साठलेलं जुनं रक्त. मग रेसिडेंट सरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सुनेला आठवलं की महिना दीड महिन्यापूर्वी ओट्यावरून पडले होते, डोक्याला टेंगूळ आलं, हळद लावली आणि विषय संपला. आमच्याकडे त्या वेळी न्यूरोसर्जन नव्हते. १०८ बोलावली, नाशिकला रवाना केलं. रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात 'हायर सेंटरला रेफर' असं लिहून पान उलटलं.

पुढे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. मी ते रजिस्टर मागे मागे चाळत गेलो. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या ओळींमध्ये तेच तीन शब्द. नाशिक, संभाजीनगर, मुंबई, नंदुरबारकडचे असले तर सुरत. माणूस जगला का, शेतात परत गेला का, काही नोंद नाही. आमच्या कागदावर ही सगळी माणसं अँब्युलन्समध्ये बसली आणि तिथेच थांबली.

त्याच आठवड्यात एका सिनियरने सांगितलं की परदेशात विद्यार्थी मिळून मोठमोठे अभ्यास करतात, एकेका हॉस्पिटलात दोन-चार पोरं डेटा गोळा करतात आणि शेकडो हॉस्पिटलांचा डेटा एकत्र होतो. न्यूरोसर्जरीतही असं चालतं. मला त्यात उतरायचंय. पण आमच्याकडे न्यूरोसर्जरीचा स्वतंत्र विभाग नाही, गाईड कोण होणार माहीत नाही, आणि वर्गातले म्हणतात की नीट पीजीचा (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) अभ्यास कर, असल्या कामाने मार्क मिळत नाहीत. जाणकारांनी सांगा. या भागातल्या विद्यार्थ्याने यात काय करायचं?

---

एरंडोलचा

भाऊ, मी एमसीएच न्यूरोसर्जरीच्या (मेंदूच्या शस्त्रक्रियेतलं उच्च शिक्षण) दुसऱ्या वर्षाला, सध्या मुंबईत. तुझ्या आजोबांसारखे पेशंट आमच्याकडे खानदेशातून येतात, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून सांगतो.

आधी त्या आजाराचं. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो, मेंदू आणि त्यावरचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्याने एखादी फुटते, रक्त हळूहळू झिरपत राहतं आणि लक्षणं काही आठवड्यांनी येतात. कवटीला एक-दोन छिद्रं पाडून ते पातळ झालेलं रक्त धुऊन काढलं की माणूस बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बोलायला लागतो. इतकं साधं ऑपरेशन. तरी त्यातल्या छोट्या छोट्या प्रश्नांची उत्तरं मिळायला किती हात लागले बघ. छिद्रं पाडल्यावर नळी ठेवायची की नाही? केंब्रिजला २१५ पेशंटवर ट्रायल झाली, २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. नळी न ठेवलेल्यांत २४ टक्के लोकांत रक्त परत साठलं, नळी ठेवलेल्यांत ९.३ टक्के. पण एका हॉस्पिटलात सिद्ध झालं म्हणजे बाकीचे तसं करतात का? ते बघायला ब्रिटनमधल्या न्यूरोसर्जरीच्या रेसिडेंट लोकांनी एकत्र येऊन २६ युनिटांतल्या १,२०५ पेशंटची नोंद केली.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या आजारात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. सूज कमी होईल, ऑपरेशन टळेल, असा विचार. २०२० मध्ये ७४८ पेशंटची ट्रायल प्रसिद्ध झाली. स्टिरॉइड दिलेल्यांत परत ऑपरेशनची गरज कमी पडली हे खरं, १.७ टक्के विरुद्ध ७.१. पण सहा महिन्यांनी बरे असलेले किती? स्टिरॉइडवाले ८३.९ टक्के, न दिलेले ९०.३. म्हणजे वॉर्डातून घरी जाईपर्यंतच पाहिलं असतं तर औषध चांगलं वाटलं असतं. सहा महिन्यांनी कोणीतरी पेशंटला गाठून विचारलं म्हणून खरं कळलं.

तुझ्या रजिस्टरचा प्रश्न नेमका हाच आहे. पेशंट नजरेआड गेल्यावर त्याचं काय झालं ते विचारणारा माणूस लागतो. त्या माणसाला न्यूरोसर्जन असण्याची गरज नाही. तुझ्यासारखा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ते करू शकतो.

---

आकडेमोड

मी मूळची अमळनेरची, आता पुण्यात बायोस्टॅटिस्टिक्समध्ये काम करते.

एरंडोलच्या दादांनी ट्रायल सांगितल्या, मी एक निरीक्षणात्मक अभ्यास सांगते, म्हणजे ज्यात उपचार आपण ठरवत नाही, जे घडतं ते फक्त नोंदवतो. डोक्याच्या दुखापतीसाठी तातडीचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचा एक जागतिक अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आला. ५७ देश, १५९ हॉस्पिटलं, १,६३५ पेशंट. प्रत्येक टीमने सलग ३० दिवसांत आलेला एकही पेशंट न गाळता नोंदवायचा, मोजक्याच प्रश्नांचा फॉर्म भरायचा, आणि ऑपरेशननंतर १४ दिवसांपर्यंत बघायचं. सामूहिक कामाचं सगळं बळ या रचनेत आहे. एकाच्या अंगावर थोडं काम, पण सगळ्यांचं एकाच मापाने.

आता याच अभ्यासाकडे खानदेशातून बघा. त्यात मोजला गेला तो ऑपरेशन टेबलपर्यंत पोचलेला पेशंट. कसाऱ्याच्या घाटात गेलेला माणूस त्यात नाही. सीटी बघून 'आता नेऊन उपयोग नाही' म्हणत घरी परत नेलेला नाही. पैसे नाहीत म्हणून तालुक्यातूनच मागे फिरलेलाही नाही. अभ्यास चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही, त्याने आपली व्याख्या स्पष्ट सांगितली होती. पण आपल्याकडची माणसं त्या व्याख्येच्या बाहेर राहतात. ती मोजायची तर मोजणारा रेफर करणाऱ्या हॉस्पिटलात उभा असायला हवा. गिरणाकाठ, न्यूरोसर्जरी विभाग नाही ही तुमची अडचण तुम्ही सांगितलीत. मला तीच तुमची जागा वाटते.

एक हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. समजा १०० पेशंट रेफर केले. सहा महिन्यांनी ६० जणांचा पत्ता लागला, त्यातले ६ वारले. तुम्ही लिहाल मृत्यू १० टक्के. पण जे ४० सापडले नाहीत ते का सापडले नाहीत? त्यातले निम्मे वारले असतील तर खरा आकडा २६ होतो. फोन न लागलेला माणूस आणि फोन लागलेला माणूस सारखा नसतो. म्हणून शोधायला कठीण असलेल्या शेवटच्या वीस जणांवर सर्वांत जास्त मेहनत घ्यायची.

---

पांझराकाठचा इंटर्न

मी जरा वेगळं लिहितो, कारण मी भाजून निघालोय.

दुसऱ्या वर्षाला असताना एका ग्रुपमध्ये होतो. 'न्यूरोसर्जरी रिसर्च' असं नाव, शेकडो विद्यार्थी, देशभरातले. ठराविक रक्कम भरली की लेखकांच्या यादीत नाव, जास्त भरली की पहिल्या तिघांत. मी भरली. घरी पुस्तकांसाठी म्हणून मागितलेले पैसे होते. त्या लेखातला एकही पेशंट मी पाहिलेला नव्हता, डेटा कुठून आला ते कोणी सांगत नव्हतं. नंतर पीजीच्या एका सरांनी सहज विचारलं, 'यात तू काय केलंस?' आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो लेख मी आता बायोडेटात लिहीत नाही.

म्हणून गिरणाकाठ भाऊ, कुठेही नाव देण्याआधी तीन गोष्टी विचार. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, वाचायला मिळेल का? एथिक्स कमिटीची परवानगी कोणत्या संस्थेची? पैसे मागतात का? पैसे मागितले तर तिथूनच माघारी फिर.

---

एरंडोलचा

पांझराकाठ, हे उघडपणे लिहिलंस, फार चांगलं केलंस. बऱ्याच पोरांचं हे झालेलं असतं, कोणी बोलत नाही.

नावाबद्दल थोडं सांगतो. खऱ्या सामूहिक अभ्यासात लेखक म्हणून बहुतेक वेळा गटाचं नाव असतं आणि डेटा गोळा करणारे सहयोगी म्हणून शेवटच्या यादीत येतात. कोविडच्या काळात शस्त्रक्रियांवर असा एक अभ्यास झाला, ११६ देशांतले १,४०,००० हून जास्त पेशंट आणि १५,०२५ सहयोगी, सर्वांत जास्त लेखकांचा विक्रम म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. त्या पंधरा हजारांत तुझं नाव असलं तर कोणी तुला मोठा संशोधक म्हणणार नाही आणि म्हणूही नये. पण 'यात तू काय केलंस' याचं उत्तर तुझ्याकडे असेल. अमुक दिवसांत आमच्या कॅज्युअल्टीत आलेले इतके पेशंट मी स्वतः नोंदवले, इतक्यांना सहा महिन्यांनी फोन केला. त्या उत्तराची किंमत मुलाखतीत बसलेल्या माणसाला कळते.

गाईडचं म्हणशील तर न्यूरोसर्जनच हवा असं नाही. जनरल सर्जरी, भूल किंवा पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातलं कोणी, ज्यांना या प्रश्नाची कळकळ आहे, ते चालतील. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठीची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे, दोन महिन्यांचं काम असतं. तुझा प्रश्न त्या मापात बसवता येईल. परदेशी गटाबरोबर डेटा द्यायचा-घ्यायचा असेल तर मात्र आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी बघावी लागते. ते प्रकरण विद्यार्थ्याने एकट्याने अंगावर घेऊ नये. आधी धुळे, जळगाव, नंदुरबार एवढ्यांतच सुरू करा. तीन कॉलेजांतली सहा पोरं पुरेत.

---

जुना सर्जन

वय ६८. तीस वर्षं तालुक्याच्या गावी सर्जरी केली. मुलांचं लिहिणं वाचून राहवलं नाही.

१९९० च्या आसपास आमच्या गावापासून सगळ्यात जवळचं सीटी मशीन कित्येक तासांवर होतं. एका रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा आला. पडल्यावर शुद्धीवर होता, पाणी प्याला, बोलला, आणि दोन तासांनी घोरायला लागला. एका डोळ्याची बाहुली मोठी. एक्स्ट्राड्युरल आहे, म्हणजे कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतंय, हे पुस्तकाने शिकवलं होतं. पाठवला असता तर वाटेत गेला असता. मी बाहुली मोठी त्या बाजूला छिद्र पाडलं, काळं रक्त बाहेर आलं. तो मुलगा जगला. दुसऱ्या एका मुलाच्या वेळी मी थांबलो, गाडीत घालून पाठवला, आणि तो गेला. दोघांच्याही केसपेपरवर मी दुखापतीची वेळ लिहिली नव्हती. आज कोणी विचारलं की किती वेळ हातात होता, तर मला सांगता येणार नाही. याची मला फार खंत आहे.

म्हणून माझी एकच मागणी. वेळ लिहा. पडला कधी, पहिल्या दवाखान्यात आला कधी, सीटी कधी झाला, गाडी निघाली कधी, पोचली कधी. नातेवाईक घड्याळ सांगणार नाहीत. 'दिवेलागणीला', 'गुरं सोडली तेव्हा', 'शेवटची एस्टी गेल्यावर' असं सांगतील. तेही लिहा आणि तिथेच बसून त्याची वेळ काढा. आणि ग्लासगो कोमा स्केल. १९७४ पासून ते माप आहे, डोळे, बोलणं, हालचाल, तीन ते पंधरा. रेफर चिठ्ठीवर नुसतं 'बेशुद्ध' लिहिलेलं असतं. पंधरातला नऊ आणि पंधरातला चार, दोघेही बेशुद्ध. तुम्ही पोरांनी वॉर्डात उभं राहून तो आकडा प्रत्येक चिठ्ठीवर आणलात तर अभ्यास छापून येईल तेव्हा येईल, पुढच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला त्याच रात्री उपयोग होईल.

---

तोरणमाळ

मी धडगाव तालुक्यातली, इंटर्नशिप चालू आहे. जुने सर, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

फोनबद्दल लिहायचं आहे, कारण फॉलोअप म्हटलं की सगळे फोन धरून चालतात. आमच्या पाड्यांवर केसपेपरवरचा नंबर बहुतेकदा पेशंटचा नसतोच. गाडी करून आणणाऱ्याचा, सरपंचाच्या भावाचा, किंवा मुकादमाचा असतो. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. सहा महिन्यांनी फोन केलात तर कोणी उचलणार नाही, आणि आकडेमोड ताई म्हणतात तसे ते सगळे तुमच्या ४० मध्ये जमा होतील.

पेशंट दाखल असतानाच तीन नंबर घ्यायचे आणि पाड्याचं नाव घ्यायचं, नुसतं गावाचं नको, कारण एका गावाचे दहा पाडे असतात. त्या पाड्याच्या आशाताईंचा नंबर त्याच दिवशी पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) मिळवायचा. कामाला कुठे जाता, कधी परत येता, हेही विचारायचं. होळीला बहुतेक सगळे घरी येतात. आमच्याकडे फॉलोअपची तारीख कॅलेंडरच्या सहा महिन्यांनी धरून चालत नाही, होळीच्या आगेमागे धरावी लागते.

---

आकडेमोड

तोरणमाळ ताई, हे सोनं आहे. 'सहा महिने, एक महिना अलीकडे-पलीकडे' अशी मुभा प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवा. ज्यांची होळी त्या मुभेतही बसत नाही, त्यांची प्रत्यक्ष तारीख नोंदवा आणि तेवढं वेगळं दाखवा. आधी लिहिलेलं असलं की ती रचना असते, नंतर सुचलं तर ती सबब ठरते.

---

रावेरची केळी

मी डॉक्टर नाही. केळीचा शेतकरी आहे. पुतण्या मेडिकलला आहे, त्याने हा धागा वाचायला दिला.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. इथून पाठवला, मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, अकराव्या दिवशी गेला. तीन-चार महिन्यांनी दुपारी एक फोन आला. मुलगी होती, हळू आवाजात बोलत होती. सुरुवातीलाच म्हणाली, 'पेशंट कसे आहेत?' मी बांधावर उभा होतो. मी सांगितलं, गेला. ती म्हणाली सॉरी, आणि फोन ठेवला. कागदावर तिला हवं ते मिळालं असेल. मी मात्र त्या बांधावर बराच वेळ बसून होतो.

मी तक्रार म्हणून लिहीत नाही. फोन करा, जरूर करा. माझ्या भावाचं काय झालं हे कोणीतरी विचारलं, हे मला बरंच वाटलं. पण आधी सांगा तुम्ही कोण, कुठून बोलताय, आता बोलायला वेळ आहे का. आणि माणूस गेला असं कळलं तर लगेच ठेवू नका. दोन मिनिटं थांबा. त्याचं नाव घ्या. घरच्याला काही सांगायचं असेल तर ऐका. मला त्या पोरीला सांगायचं होतं की गाडीत ऑक्सिजन संपला होता. तुमच्या कागदावर त्याला जागा आहे का?

---

जुना सर्जन

दादा, तुमचं वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही. त्याला जागा केलीच पाहिजे. फॉर्मच्या शेवटी कोरी जागा ठेवा, 'घरचे काय म्हणाले', त्यांच्याच शब्दांत.

---

गिरणाकाठ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

सर्जरीच्या एका मॅडम गाईड व्हायला तयार झाल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, मलाही हे वर्षानुवर्षं खुपतंय. दुसऱ्या दोन कॉलेजांतली चार जणं बरोबर आलीत, पांझराकाठ त्यातले एक आहेत. प्रोटोकॉल एथिक्स कमिटीकडे गेलाय. फोन करायचा म्हणजे पेशंटशी संपर्क आला, म्हणून दाखल असतानाच संमती घ्यायची, शुद्धीत नसेल तर घरच्यांची, आणि माणूस सावरल्यावर त्याची स्वतःची पुन्हा. फोनवर काय बोलायचं ते शब्दशः लिहून काढलंय. रावेरच्या काकांनी सांगितलेली दोन मिनिटं त्यात आहेत आणि कोरी जागाही आहे.

अडकलोय ते प्रश्नांच्या भाषेत. बरं होण्याचं माप म्हणून ग्लासगो आउटकम स्केलची विस्तारित आठ पायऱ्यांची आवृत्ती वापरतोय. त्यात विचारतात की घरी रोज कोणाची मदत लागते का, दिवसा आठ तास एकटं राहता येतं का, एकट्याने खरेदी करता येते का, जवळपास जाता-येता येतं का, पूर्वीचं काम करता येतं का. पुस्तकी मराठीत विचारलं की आमच्याकडची माणसं 'हो हो' म्हणून मोकळी होतात. मी अहिराणीत असं केलंय:

'आप्पा आते दिनभर घरमा एकला ऱ्हातस का?'
'एकलाच बजारमा जातस का?'
'पहिलेसारखा वावरमा काम करतस का?'

अहिराणी बोलणाऱ्यांनी तपासून द्या. धुळ्याकडचं आणि चाळीसगावकडचं बोलणं थोडं वेगळं पडतं.

---

पांझराकाठचा इंटर्न

माझ्या आजीला वाचून दाखवलं. तिसऱ्या प्रश्नावर ती म्हणाली, असं विचारलं की लोक 'हो, वावरमा जास' म्हणतील, आणि त्यात नुसतं जाऊन बांधावर बसणंही आलं. काय काम करतात ते विचारा. औत धरतस का, पाणी भरतस का, असं. मग खरं उत्तर येतं.

---

तोरणमाळ

बाजाराचा प्रश्न बायांना तसाच विचारू नका. आमच्याकडच्या कितीतरी बाया पडण्याआधीही एकट्या बाजारात जात नव्हत्या. 'नाही' आलं की तुम्ही तिला परावलंबी लिहाल, आणि ती तर पहिल्यासारखी पाणी आणते, भाकरी करते, बकऱ्या घेऊन डोंगरावर जाते. आधी विचारा, 'पडायच्या आधी जायच्या का?' मूळ मापातही दुखापतीआधीची स्थिती विचारलेली आहे, घाईत फोन करणारे तेच गाळतात.

पावरीतला, म्हणजे आमच्या पाड्यांवरच्या बोलीतला, प्रश्नांचा मसुदा मी करून ठेवलाय. आमच्या आशाताईंनी वाचला, दोन शब्द बदलले. आता ज्यांनी मूळ प्रश्न पाहिलेले नाहीत अशा दुसऱ्या बाईंकडून तो परत मराठीत करून घ्यायचा आहे, म्हणजे अर्थ कुठे सरकला ते कळेल. रविवारी पाड्यावर जाणार आहे, तेव्हा करून आणते.